घरातील मंडलखंडक : तो रक्षण कोणाचे करतो?

घरगुती विद्युत्-जोडणीत गेल्या दोन पिढ्यांत जे बदल झाले, त्यांतील सर्वांत ठळक बदल मीटरच्या शेजारील फळीवर दिसतो. तेथे पूर्वी पांढऱ्या चिनी मातीचे 'किटकॅट' फ्यूज असत. फ्यूज उडाला की वायरमन येई, नाहीतर घरातीलच कोणी धीट माणूस जळालेल्या तारेचा तुकडा काढून दुसरा बसवी. आता त्या जागी एका ओळीत बसविलेले लहान खटके असतात व त्यांस सर्वत्र 'एमसीबी' असे म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत हा लघु मंडलखंडक होय. तो बसविला म्हणजे घर सुरक्षित झाले, अशी एक समजूत या बदलाबरोबर रूढ झाली. ती अर्धी खरी आहे, आणि तिच्या उरलेल्या अर्ध्या भागापायी स्नानगृहात व स्वयंपाकघरात माणसे प्राणास मुकतात. म्हणून मंडलखंडक नेमके रक्षण कोणाचे करतो, हा प्रश्न मुळापासून तपासणे आवश्यक ठरते. हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांच्या कक्षेतील नाही. उष्णतेचा समतोल, ओहमचा नियम आणि किर्खॉफचा नियम एवढ्याच साधनांनी तो सोडविता येतो.

१. तार आणि तिची उष्णता

तांब्याच्या तारेतून विद्युत्-प्रवाह वाहू लागला की तारेच्या रोधामुळे उष्णता निर्माण होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तार तापते, तसतशी ती भोवतालच्या हवेस व भिंतीस उष्णता देऊ लागते. निर्माण होणारी व बाहेर जाणारी उष्णता समान झाली म्हणजे तारेचे तापमान स्थिर होते. तांब्यास त्या तापमानाची फारशी क्षिती नसते. क्षिती असते ती तारेवरील पीव्हीसीच्या आवरणास. सामान्य पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत दीर्घकाळ टिकते. त्यापुढे ते कठीण व ठिसूळ होत जाते. निरोधक द्रव्याचे तापमान सतत आठ ते दहा अंशांनी अधिक राहिल्यास त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा एक स्थूल नियम अभियंते वापरतात.

तारेची 'प्रवाहक्षमता' म्हणून जो आकडा दिला जातो, त्याचा अर्थ एवढाच की दिलेल्या परिस्थितीत तेवढा प्रवाह सतत वाहिला तर आवरणाचे तापमान ७० अंशांच्या वर जाणार नाही. भिंतीवरील नळीत घातलेल्या तांब्याच्या दोन भारवाही तारांसाठी, भोवतालचे तापमान ३० अंश धरून, आंतरराष्ट्रीय कोष्टकांत पुढील क्षमता दिल्या आहेत : दीड चौरस मिलिमीटरच्या तारेस १७.५ अँपिअर, अडीचच्या तारेस २४ अँपिअर, चारच्या तारेस ३२ अँपिअर व सहाच्या तारेस ४१ अँपिअर.

येथेच पहिली मेख आहे. ३० अंश हे तापमान युरोपातील घरास शोभणारे आहे. नागपूर, चंद्रपूर किंवा जळगाव येथील उन्हाळ्यात भिंतीतील नळीचे तापमान ४० अंशांखाली राहील अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. ४० अंशांसाठी पीव्हीसी आवरणाच्या तारेस ०.८७ हा गुणक लावावा लागतो. शिवाय एकाच नळीतून दोन मंडलांच्या तारा नेल्या असतील तर त्या एकमेकींस तापवितात. त्यासाठी ०.८० हा आणखी एक गुणक येतो. अडीचच्या तारेची क्षमता मग २४ × ०.८७ × ०.८० म्हणजे सुमारे १६.७ अँपिअर एवढीच उरते. कोष्टकात २४ दिसणारी तार प्रत्यक्ष घरात १६ अँपिअरच्या खंडकास जेमतेम पुरते. हा आकडा पुढील विवेचनात पुन्हा लागणार आहे.

२. खंडकाची दोन अंगे

जुना फ्यूज हा मुळात बुद्धिपुरस्सर ठेवलेला दुबळा दुवा होता. प्रवाह वाढला की सर्वांत बारीक तार प्रथम वितळे व मंडल तुटे. कल्पना उत्तम होती, परंतु तिच्यात दोन उणिवा होत्या. पहिली म्हणजे पुन्हा तार भरण्याजोगा फ्यूज आपल्या अंकित प्रवाहाच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह झाल्याखेरीज खात्रीने वितळत नसे. दुसरी उणीव मानवी स्वभावाची होती. वारंवार उडणाऱ्या फ्यूजमध्ये एकाऐवजी तीन पदरी तार पिळून घातली की तो उडेनासा होई, आणि घरातील मंडळी समाधान पावत. मग फ्यूजच्या जागी भिंतीतील तारच दुबळा दुवा ठरे.

जर्मनीतील ह्यूगो श्टोट्झ यांनी १९२४ साली ज्या लघु खंडकाचे एकस्व मिळविले, त्यात या दोन्ही दोषांवर उपाय होता. आजचा घरगुती खंडक त्याच तत्त्वावर चालतो. त्याच्या पोटात एकामागोमाग जोडलेली दोन स्वतंत्र अंगे असतात.

पहिले अंग म्हणजे द्विधातु पट्टी. भिन्न प्रसरणगुणांक असलेल्या दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींस जखडलेल्या असतात. प्रवाहाने त्या तापल्या की संयुक्त पट्टी वाकते आणि ठरावीक मर्यादेपुढे वाकली की खटक्याची अडकण सोडविते. या अंगाची क्रिया सावकाश चालते. थोड्या अतिभारास ते पुष्कळ वेळ देते, मोठ्या अतिभारास थोडा. ही सावकाशी हेतुपूर्वक ठेवलेली आहे. तारही सावकाशच तापते, आणि पट्टी म्हणजे त्या तारेची एक लहानशी प्रतिकृतीच होय.

दुसरे अंग म्हणजे विद्युत्-चुंबकाचे वेटोळे. फेज व न्यूट्रल यांचा प्रत्यक्ष स्पर्श होऊन प्रवाह एकाएकी शेकडो अँपिअरपर्यंत चढला, तर पट्टी तापण्याची वाट पाहणे परवडत नाही. वेटोळ्यातील लोहदंड तत्क्षणी ओढला जातो व संपर्कबिंदू विलग होतात. विलग होताना त्यांच्यामध्ये विजेची ज्योत पेटते. ती चुंबकीय बलाने पोलादी पत्र्यांच्या चळतीत ढकलली जाते, तेथे तिचे तुकडे होतात आणि ती विझते. खटक्याची रचना अशी असते की बाहेरून दांडी घट्ट धरून ठेवली तरी आतील संपर्क सुटावयाचे ते सुटतातच. जुन्या फ्यूजशी जी फसवणूक करता येई, ती याच्याशी करता येत नाही. दुर्दैवाने दुसऱ्या प्रकारची फसवणूक मात्र करता येते. तिचा विचार पुढे होईल.

३. आकड्यांचा अर्थ

खंडकावर 'सी १६' असे छापलेले असते. त्यातील १६ हा अंकित प्रवाह होय. १६ अँपिअरच्या वर गेल्याबरोबर खंडक पडतो, असा बहुतेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. आय.ई.सी. ६०८९८ हे मानक भारतीय मानक म्हणूनही स्वीकारलेले आहे. त्यानुसार ३० अंश तापमानात अंकित प्रवाहाच्या १.१३ पट प्रवाहास खंडकाने एक तासपर्यंत पडता कामा नये, आणि १.४५ पट प्रवाहास एका तासाच्या आत पडलेच पाहिजे. या दोहोंच्या दरम्यान तो पडेल किंवा न पडेल. १६ अँपिअरच्या खंडकासाठी हे आकडे सुमारे १८ व २३ अँपिअर असे येतात. हे मानक ६३ अँपिअरपर्यंतच्या खंडकांस एक तासाची हीच मुदत देते.

'सी' हे अक्षर चुंबकीय अंगाची मर्यादा सांगते. 'बी' प्रकारात ते अंकित प्रवाहाच्या ३ ते ५ पटींच्या दरम्यान, 'सी' प्रकारात ५ ते १० पटींच्या दरम्यान आणि 'डी' प्रकारात १० ते २० पटींच्या दरम्यान केव्हातरी तत्काळ क्रिया करते. म्हणजे 'सी १६' खंडक ८० अँपिअरखाली तत्काळ पडणार नाही व १६० अँपिअरवर निश्चित पडेल. पंप, शीतकपाट व वातानुकूलक यांची चलित्रे सुरू होताना क्षणभर पुष्कळ प्रवाह घेतात. त्यांच्यासाठी 'सी' प्रकार सोयीचा असतो. दिवे व तापकयंत्रे यांस 'बी' प्रकार पुरतो.

आता तार व खंडक यांचे नाते एका वाक्यात सांगता येते : उपकरणांचा भारप्रवाह खंडकाच्या अंकित प्रवाहाहून अधिक नसावा आणि खंडकाचा अंकित प्रवाह तारेच्या क्षमतेहून अधिक नसावा. या वाक्यातील क्रम महत्त्वाचा आहे. खंडक उपकरणास पाहून नव्हे, तर तारेस पाहून निवडावयाचा असतो.

हा क्रम मोडल्यास काय होते, ते वरच्याच उदाहरणावरून पाहता येईल. अडीचच्या तारेवर १६ अँपिअरचा खंडक आहे. त्यावर गीझर, सूक्ष्मतरंग भट्टी व इस्त्री एकाच वेळी लावली जाते आणि खंडक वारंवार पडतो. तक्रार आल्यावर तार तशीच ठेवून खंडक तेवढा ३२ अँपिअरचा बसविला जातो. ही ती दुसऱ्या प्रकारची फसवणूक होय. ३२ अँपिअरचा खंडक त्याच्या १.१३ पट, म्हणजे ३६ अँपिअर प्रवाह तासभर निमूटपणे वाहू देतो. तारेची क्षमता मात्र १६.७ अँपिअर आहे. प्रवाह २.१७ पट झाला, म्हणजे उष्णता ४.७ पट झाली. क्षमतेइतक्या प्रवाहास तारेचे तापमान भोवतालच्या ४० अंशांहून ३० अंशांनी अधिक होते. शेजारच्या मंडलावरही त्याच प्रमाणात भार आहे असे धरल्यास ही वाढ आता सुमारे १४१ अंश होईल, आणि तारेचे तापमान १८० अंशांच्या घरात जाईल. पीव्हीसी आवरणास लघुमंडलाच्या काही क्षणांपुरती जी परमावधी दिलेली आहे, तीदेखील १६० अंशांचीच आहे. हे गणित स्थूल आहे. तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो हे जमेस धरले तर निष्पन्न आकडा याहून मोठाच येईल. भिंतीच्या आत, कोणास न दिसता, आग लागण्याची सर्व सिद्धता झालेली असते आणि खंडक मात्र आपले काम नियमानुसार करीत असतो.

४. लघुमंडल : प्रवाह पुरेसा होतो काय?

लघुमंडलाच्या वेळी प्रवाह किती होईल, हे मंडलाच्या एकूण रोधावर ठरते. शहरातील २०० किलोव्होल्ट-अँपिअरचे एक रोहित्र घेऊ. त्याचा द्वितीयक दाब ४३३ व्होल्ट व संरोध ४.५ टक्के आहे. त्याच्या अग्रांपाशीच लघुमंडल झाल्यास सुमारे ५,९०० अँपिअर प्रवाह वाहील. घरगुती खंडकांवर ६,००० किंवा १०,००० हा आकडा चौकटीत छापलेला असतो, तो अशा प्रवाहास सुखरूप तोडण्याच्या क्षमतेचा निदर्शक होय. रोहित्रापासून घरापर्यंत तांब्याची १० चौरस मिलिमीटरची ५० मीटर जोडणी असेल, तर जाणाऱ्या व येणाऱ्या तारेचा मिळून ०.१८ ओहम रोध वाढतो आणि प्रवाह सुमारे १,००० अँपिअरवर येतो. पुढे घरात अडीचच्या तारेने २० मीटर गेल्यावर आणखी ०.३० ओहम रोध मिळतो व प्रवाह सुमारे ४४० अँपिअर होतो. 'सी १६' खंडकास १६० अँपिअर पुरतात. तेव्हा येथे चिंतेचे कारण नाही.

परंतु गावाच्या टोकाला, २५ किलोव्होल्ट-अँपिअरच्या रोहित्रावरून लांबच्या तारांनी वीज येत असेल, तर चित्र पालटते. अशा रोहित्राचा स्वतःचा संरोध ०.३४ ओहम असतो. बाहेरील तारांचा रोध १ ओहम व घरातील ०.३० ओहम धरल्यास लघुमंडलाचा प्रवाह सुमारे १४० अँपिअर एवढाच भरतो. 'सी १६' खंडकाचे चुंबकीय अंग इतक्या प्रवाहास क्रिया करीलच अशी हमी मानक देत नाही. काम द्विधातु पट्टीवर सोपविले जाते व ती काही सेकंद घेऊ शकते. अडीचच्या तारेचे आवरण हा प्रवाह किती काळ सहन करील, हेही काढता येते. तांबे व पीव्हीसी यांच्यासाठी ११५ हा स्थिरांक घेऊन त्यास तारेच्या छेदाने गुणावे, आलेल्या संख्येचा वर्ग करावा व त्यास प्रवाहाच्या वर्गाने भागावे. उत्तर ४.२ सेकंद येते. पट्टी तेवढ्यात काम उरकण्याचा संभव आहे, परंतु अवकाश थोडा उरतो. अशा ठिकाणी 'बी १६' खंडक योग्य ठरतो, कारण तो ८० अँपिअरवर निश्चितपणे तत्काळ पडतो. दुकानात सहज मिळतो म्हणून सर्वत्र 'सी' प्रकार बसविणे हे शास्त्रास धरून नाही.

५. धातूच्या कवचावरील दाब

येथवर सर्व विवेचन तारेच्या रक्षणाचे झाले. आता माणसाकडे वळावयाचे. गीझरच्या तापकाचे आवरण फुटून फेजचा स्पर्श त्याच्या धातूच्या कवचास झाला, अशी कल्पना करावी. कवच भूतारेने इमारतीजवळ पुरलेल्या भूविद्युताग्रास जोडलेले आहे. वायरमन मंडळी यासच 'अर्थिंग' म्हणतात. वीजपुरवठा करणाऱ्या संस्थेने रोहित्राचा न्यूट्रलही तेथे स्वतंत्रपणे जमिनीस जोडलेला आहे. घरच्या विद्युताग्राचा रोध ८ ओहम व रोहित्राच्या विद्युताग्राचा २ ओहम असेल, तर २३० व्होल्ट दाबाने १० ओहमांच्या या मार्गातून २३ अँपिअर प्रवाह वाहील.

२३ अँपिअर हे १६ च्या १.४४ पट होतात. खंडकाने एका तासात खात्रीने पडावे यासाठी १.४५ पट प्रवाह लागतो, हे वर आलेच आहे. म्हणजे गीझरच्या कवचास फेज भिडलेली असताना, अर्थिंग शाबूत असताना आणि उत्तम प्रतीचा खंडक बसविलेला असतानाही तो पडेल असे म्हणता येत नाही. तेवढा वेळ कवचाचा जमिनीसापेक्ष दाब २३ × ८ म्हणजे १८४ व्होल्ट राहतो. कवचास जोडलेला धातूचा नळ, नळातील पाणी आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस यांचे एक मंडल पूर्ण व्हावयास मग काहीच अडचण उरत नाही.

भूविद्युताग्राचा रोध कमी केल्यास हा प्रश्न सुटेल, असे सकृद्दर्शनी वाटते. 'सी १६' खंडक तत्काळ पडण्यास १६० अँपिअर हवेत. त्यासाठी दोन्ही विद्युताग्रांचा मिळून रोध १.४ ओहमच्या वर जाता कामा नये. खडकाळ किंवा मुरमाड जमिनीत, विशेषतः उन्हाळ्यात माती कोरडी पडल्यावर, एका घराच्या विद्युताग्राने हे साधणे जवळजवळ अशक्य असते. वीजसंस्थेने स्वतःची धातूची भूतार घरापर्यंत आणून दिली असेल, तर दोषप्रवाहास जमिनीतून जावे लागत नाही, तो शेकडो अँपिअर होतो व खंडक पडतो. जेथे तशी तार नाही, तेथे केवळ एमसीबी व केवळ अर्थिंग यांच्यावर माणसाचा जीव सोपविता येत नाही. मंडलखंडक तारेचे रक्षण करतो. माणसाचे रक्षण त्याच्या कक्षेतच नाही.

६. तीस मिलिअँपिअर

माणसास किती प्रवाह मारक ठरतो, या प्रश्नाचा अभ्यास अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅल्झील यांनी केला. हातात धरलेली विद्युत्-भारित वस्तू स्वेच्छेने सोडून देता येईल अशा प्रवाहाची सरासरी मर्यादा पुरुषांत सुमारे १६ मिलिअँपिअर व स्त्रियांत सुमारे १०.५ मिलिअँपिअर आढळली. त्यापुढे स्नायू आखडतात व मूठ सुटत नाही. प्रवाह आणखी वाढून काही काळ छातीतून वाहिला, तर हृदयाच्या कप्प्यांचे आकुंचन विस्कळित होते व रक्ताभिसरण थांबते. ओल्या त्वचेच्या माणसाचा रोध १,००० ओहम धरल्यास २३० व्होल्टांनी २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. हा प्रवाह १६ अँपिअरच्या सुमारे सत्तराव्या हिश्श्याएवढाच आहे. खंडकाच्या दृष्टीने तो एका मध्यम दिव्याचा भार होय.

अशा अल्प प्रवाहाचा छडा लावण्याची युक्ती किर्खॉफच्या नियमात आहे. निर्दोष मंडलात फेजमधून जितका प्रवाह जातो तितकाच न्यूट्रलमधून परत येतो. दोन्ही तारा एकाच लोहचुंबकीय कड्यातून नेल्या तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांस छेद देतात व कड्यात काहीच उरत नाही. प्रवाहाचा काही अंश माणसाच्या देहातून किंवा भूतारेतून जमिनीत गेला, तर परत येणारा प्रवाह तेवढ्याने उणा होतो. हा फरक कड्यावरील तिसऱ्या वेटोळ्यात दाब उत्पन्न करतो व खटका सुटतो. शेष-प्रवाह खंडक म्हणजेच व्यवहारातील 'आरसीसीबी' तो हाच. डॅल्झील यांनी १९६१ साली या तत्त्वावरील संवेदनक्षम उपकरण सिद्ध केले. अमेरिकेत त्याची मर्यादा सुमारे ५ मिलिअँपिअर ठेवली गेली. भारतात व युरोपात व्यक्तिरक्षणासाठी ती ३० मिलिअँपिअर मानली जाते.

३० मिलिअँपिअरचा शेष-प्रवाह खंडक १५ मिलिअँपिअरपर्यंत पडत नाही, ३० ला कमाल ०.३ सेकंदात व १५० ला कमाल ०.०४ सेकंदात पडतो. वरील गीझरच्या उदाहरणात २३ अँपिअर प्रवाह या मर्यादेच्या सातशे पटींहून अधिक आहे. तेव्हा कवचास फेज भिडताच, कोणी स्पर्श करण्यापूर्वीच, मंडल तुटते. भूविद्युताग्राचा रोध किती चालेल हेही नव्याने मोजता येते. कवचाचा दाब ५० व्होल्टांच्या वर टिकू नये, एवढी अट आहे. ५० भागिले ०.०३ म्हणजे १,६६७ ओहम. व्यवहारात रोध याच्या पुष्कळच खाली ठेवावा लागतो, तथापि १.४ ओहमची दुःसाध्य अट नाहीशी झाली हे मर्म होय. अर्थिंग अनावश्यक झाले असा याचा अर्थ नाही. भूतार तुटलेली असेल, तर दोषाचा पहिला मार्ग माणसाचा देह हाच ठरतो. खंडक तेव्हाही पडतो, पण धक्का बसल्यावर पडतो.

या उपकरणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. माणसाने एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली आणि तो जमिनीपासून अलग असला, तर जाणारा व येणारा प्रवाह समानच राहतो. खंडकास तो माणूस एखाद्या दिव्यासारखाच भासतो. शिवाय साध्या शेष-प्रवाह खंडकात अतिभारापासून रक्षण करणारे अंग नसते. त्याच्याबरोबर एमसीबी लागतेच. दोन्ही कामे एकत्र करणारे 'आरसीबीओ' हे उपकरणही मिळते.

७. जोडणीचा क्रम

फळीवरील क्रम पुढीलप्रमाणे असतो. मीटरमधून येणाऱ्या फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा प्रथम द्विध्रुवी मुख्य खटक्यात व तेथून द्विध्रुवी शेष-प्रवाह खंडकात जातात. त्यातून निघालेली फेज तांब्याच्या पट्टीने प्रत्येक एमसीबीस मिळते. प्रत्येक एमसीबीतून एका मंडलाची फेज बाहेर पडते. सर्व मंडलांच्या न्यूट्रल तारा न्यूट्रलच्या पट्टीवर व भूतारा वेगळ्या भूपट्टीवर एकत्र येतात. भारतीय प्रथेनुसार फेजचा रंग तांबडा, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलचा काळा व भूतारेचा हिरवा असतो. निळा रंग युरोपात न्यूट्रलसाठी वापरतात, हे परदेशी उपकरणे जोडताना विसरता कामा नये.

एकध्रुवी खंडक नेहमी फेजमध्येच बसवावयाचा. तो न्यूट्रलमध्ये बसविला, तर पडल्यावर दिवे विझतात, पंखे थांबतात, पण उपकरणापर्यंत फेज जिवंतच राहते. वीज गेली या समजुतीने हात घालणारा माणूस फसतो. म्हणूनच १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनी भूयोजित न्यूट्रलमध्ये एकट्याने तुटणारा खटका किंवा फ्यूज निषिद्ध मानला होता. फेजबरोबर एकाच वेळी तुटणारा जोडखटका मात्र चालतो.

शेष-प्रवाह खंडकाच्या पुढे न्यूट्रल व भूतार यांचा कोठेही स्पर्श होता कामा नये. तसे झाल्यास परतणाऱ्या प्रवाहाचा काही भाग भूतारेने जातो व दोष नसताना खंडक पडतो. दोन शेष-प्रवाह खंडक असतील, तर प्रत्येकाच्या मंडलांच्या न्यूट्रल तारा वेगळ्या पट्टीवर हव्यात. एकाची फेज व दुसऱ्याची न्यूट्रल अशी गाठ पडली की दोन्ही पडू लागतात. घरात नंतर इन्व्हर्टर बसविताना ही चूक हटकून होते. निवडक दिव्यांची फेज इन्व्हर्टरवर नेली जाते, न्यूट्रल मात्र जुन्याच पट्टीवर राहते. खंडक पडू लागतो, आणि 'हे कटकट करते' असे म्हणून ते काढूनच टाकले जाते. जोडणीतील चुकीची शिक्षा रक्षण करणाऱ्या उपकरणास मिळते.

खंडक विनाकारण पडण्याचे आणखी एक कारण असते. संगणक, धुलाईयंत्र इत्यादींच्या गाळणमंडलांतून थोडा प्रवाह नेहमीच भूतारेत झिरपतो. कोकणातील पावसाळ्यात ओल शिरून त्यात भर पडते. सर्व घरासाठी एकच शेष-प्रवाह खंडक असेल, तर ही बेरीज १५ मिलिअँपिअरच्या वर सहज जाते. उपाय म्हणजे मंडले दोन-तीन गटांत विभागून प्रत्येकास स्वतंत्र खंडक देणे. त्यामुळे एका गटातील दोषाने सारे घर अंधारात जाण्याचेही टळते.

८. जो दोष कोणासच दिसत नाही

फळीवरील दोन्ही प्रकारच्या खंडकांच्या दृष्टीआड राहणारा एक दोष शिल्लक उरतो. तो म्हणजे सैल सांधा. गीझरच्या प्लगपाशी किंवा खंडकाच्याच अग्रापाशी स्क्रू नीट आवळला नसेल व तेथे अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला असेल, तर १३ अँपिअर प्रवाहास त्या बिंदूवर सुमारे ८५ वॉट उष्णता निर्माण होते. मोठ्या डाखणीची उष्णता जणू त्या स्क्रूवर केंद्रित होते. गंमत अशी की या जादा रोधामुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. त्यामुळे एमसीबीस काहीच कळत नाही. जमिनीत प्रवाह जात नाही, त्यामुळे शेष-प्रवाह खंडकही स्वस्थ असतो. जुन्या घरांतील ॲल्युमिनियमच्या तारांत हा धोका विशेष असतो, कारण ॲल्युमिनियमवर निरोधक ऑक्साइडाचा थर चढतो व दाबाखाली ती हळूहळू चेपत जाते. सैल सांध्यातील ठिणग्यांची लक्षणे ओळखून मंडल तोडणाऱ्या उपकरणांसाठी २०१३ साली आय.ई.सी. ६२६०६ हे मानक प्रसिद्ध झाले. परंतु काळवंडलेला प्लग, जळकट वास व मंद-तेज होणारा दिवा ही चिन्हे ओळखणाऱ्या माणसाची जागा त्याने पूर्णपणे घेतलेली नाही.

९. निष्कर्ष

एमसीबी तारेस अतिभारापासून व लघुमंडलापासून वाचवितो, तोही तारेच्या प्रत्यक्ष क्षमतेनुसार निवडला असेल तरच. भूतार दोषप्रवाहास सुरक्षित मार्ग देते. शेष-प्रवाह खंडक माणसास वाचवितो, तोही जोडणी बिनचूक असेल व उपकरण चालू स्थितीत असेल तरच. यांपैकी एकही दुसऱ्याचे काम करू शकत नाही. सांध्यांची काळजी मात्र माणसासच घ्यावी लागते.

शेष-प्रवाह खंडकावर 'टी' अक्षराची कळ असते. ती दाबल्यावर एका लहान रोधातून जाणीवपूर्वक असमतोल निर्माण केला जातो व खंडक पडावयास हवा. महिन्यातून एकदा ही कळ दाबण्यास कोणत्याही तज्ज्ञतेची आवश्यकता नाही. ती दाबूनही खंडक पडला नाही, तर तो तत्काळ बदलावयाचा. मात्र या कसोटीने घरचे अर्थिंग शाबूत आहे असे सिद्ध होत नाही. त्याचा रोध मोजावा लागतो, व तो उन्हाळ्यात मोजलेला अधिक विश्वसनीय. फळी उघडण्याचे काम परवानाधारक विद्युत्-कंत्राटदाराकडेच सोपवावे, कारण मुख्य खटका बंद केला तरी त्याच्या मीटरकडील बाजूस वीज असतेच.

परवानाधारकास काय विचारावयाचे, एवढे तरी सुशिक्षित गृहस्थास ठाऊक असले पाहिजे. प्रत्येक मंडलात तार कोणत्या जाडीची आहे? तिच्यावरील खंडक तिच्या क्षमतेत आहे काय? शेष-प्रवाह खंडक आहे काय, व तो ३० मिलिअँपिअरचा आहे काय? भूतार प्रत्येक प्लगपर्यंत खरोखर पोहोचली आहे, की भिंतीत कोठेतरी कापून सोडून दिली आहे? वारंवार पडणारा खंडक बदलण्याऐवजी तो का पडतो हे कोणी शोधले आहे काय? या पाच प्रश्नांची समाधानकारक उत्तरे ज्या घरात मिळतील, तेथील फळीवरच्या खटक्यांच्या ओळीवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. ज्या घरात ती मिळणार नाहीत, तेथे ती ओळ पाहून वाटणारा निर्धास्तपणा हाच पहिला धोका समजावा.